तांब्याचं पाणी आणि निर्मलाबाईंचा हट्ट

निर्मलाबाईंची आणि माझी पहिली ओळख एका उंदराने करून दिली. बीडच्या प्रयोगशाळेत नोकरीच्या मुलाखतीला गेलो, तर बाईंनी नाव-गाव न विचारता एक पांढरा उंदीर माझ्या तळहातावर ठेवला. तो कडकडून चावला. बाई धावल्या त्या उंदराकडे! "घाबरला हो बिचारा," म्हणाल्या. रक्त माझं आलं होतं. आता बाईंच्या साठीनिमित्त चार गोड शब्द लिहा, असं मलाच सांगण्यात आलंय. लिहितो, पण गोडच येतील याची हमी नाही.

धर्मापुरीच्या दुकानदार घरातल्या या लेकीने शहरातली मोठी नोकरी सोडून इकडे का यावं, हे मला आजवर उमगलेलं नाही. इथे येऊन त्यांनी एकाच आनुवंशिक आजाराचा पिच्छा पुरवला. त्यात यकृताला अन्नातलं तांबं बाहेर टाकता येत नाही; ते साठत जातं आणि यकृत नासतं. तोच दोष असलेल्या उंदरांवर बाई नवं औषध तपासतात. मे महिन्यात वीज गेली की जनरेटरवरचा एसी उंदरांना, आणि आम्ही पुठ्ठ्याने वारा घेत बसायचं! तक्रार केली तर म्हणतात, "तुम्हाला बाहेर जाता येतं, त्यांना येत नाही."

शिरूर कासारच्या राधाला हाच आजार आहे. नेहमीच्या गोळ्या तिला सोसेनात. बाईंनी डॉक्टरांच्या मागे लागून दुसऱ्या सुरू करवल्या, घरातली तांब्याची घागर बंद करायला लावली. घर ऊसतोडीला गेलं की बाई गोळ्या घेऊन थेट फडावर जातात आणि गाडी मला चालवावी लागते. तरी राधाचं यकृत पुरतं सावरत नाही. तिच्या वडिलांचा, गोरखदादांचा, सगळा जीव आमच्या उंदरांत अडकलेला.

आणि उंदीर सुधारले! औषध दिलेल्यांची यकृतं छान निघाली. पेढे आले. तेवढ्यात पिंजरे सांभाळणारे शिवाप्पामामा कौतुकाने म्हणाले, "सुया टोचून घेत्यात बिचारे, म्हणून त्यायला मी घरच्या तांब्याच्या हंड्यातलं पाणी पाजतो. लई गुणकारी असतंय." आता काय कपाळ बडवावं!

आम्ही म्हटलं, जास्तीचं तांबं पचवूनही सुधारले, म्हणजे औषध चांगलंच लागू पडलं की! बाईंनी विचारलं, "किती पाजलं? कोणकोणाला? कधीपासून?" मामांना धड सांगता येईना. औषध न दिलेल्यांनाच ते पाणी जास्त गेलं असेल, तर बाकीचे नुसते त्यांच्यापुढे बरे दिसले असतील, असं बाईंचं म्हणणं. बाईंनी सगळं काम रद्द केलं. मामांना मात्र अवाक्षर बोलल्या नाहीत, उलट त्यांच्या हातावर पेढा ठेवला. मी रागाने बाईंशी बोलणंच सोडलं. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

गोरखदादा आले ते तापूनच. "उंदरं नीट झाली न्हवं? मंग माझ्या पोरीला कावून न्हाई?"

"दादा, मला शिव्या द्या," बाई त्यांच्याच बोलीत म्हणाल्या, "पण जे मलाच नक्की ठाऊक न्हाई, ते राधाच्या अंगात जाऊ देणार न्हाई. उंदरानंतर बी लई तपासण्या हायेत."

"आन् तवर पोर राहिली न्हाई तर?"

 बाई आमच्या सगळ्यांदेखत रडल्या.  मग दादा म्हणाले, "परत करा. पण थांबू नका, बाई."

प्रयोग पुन्हा पहिल्यापासून चालू आहे. बाईंना उदंड आयुष्य मिळो, हे मी रीत म्हणून लिहीत नाही, हक्काने सांगतो. बाई, तब्येत सांभाळा, वेळेवर जेवा, आमच्यावर हवं तेवढं डाफरा. पण एवढ्यात म्हाताऱ्या होऊ नका. राधाला अजून औषध मिळालेलं नाही.