प्रमोदला वाचता न येणारा करार

प्रमोदच्या हातात पेन होतं आणि सर त्याचं बोट धरून सही कुठे करायची ते दाखवत होते. मी म्हटलं, "सर, एक मिनिट. मला वाचू द्या."

प्रमोद जन्मापासून अंध. राहतो भांडुपला, नोकरी अंधेरीत. त्याने सुरू केलेलं सॉफ्टवेअर स्क्रीनवरचं मराठी मोठ्याने वाचून दाखवतं. आम्ही चौघं ते सांभाळतो. ते ओपन सोर्स आहे, म्हणजे फुकट, आणि कोड सगळ्यांना खुला. वापरणारे देणगी द्यायला तयार होते, पण प्रोजेक्टला ना पॅन, ना बँक अकाउंट. अशा वेळी एखादी नोंदणीकृत संस्था आपल्या खात्यात देणगी घेते आणि प्रोजेक्टच्या खर्चाला देते. तिला फिस्कल होस्ट म्हणतात.

घाटकोपरची एक छोटी संस्था प्रत्येक देणगीतून फी कापणार होती. मुलुंडची संस्था अंधांसाठीच काम करणारी, ती काहीच घेणार नव्हती, शिवाय तिचे अध्यक्ष प्रमोदचे शाळेतले सर. सगळ्यांनी मुलुंड म्हटलं. मीसुद्धा.

करार सरांनी मेल केला तो स्कॅन करून, म्हणजे कागदाचे नुसते फोटो. आमचं सॉफ्टवेअर ते वाचू शकत नाही. प्रमोदने दोनदा टाइप केलेली प्रत मागितली. तू ये, मी समजावतो, असं उत्तर आलं. अंधांसाठी काम करणाऱ्या संस्थेला एवढंही कळू नये? माझं डोकं तेव्हाच फिरायला हवं होतं.

ते फिरलं सरांच्या ऑफिसात, सहीच्या वेळी, तिसऱ्या पानावर. प्रोजेक्टचं नाव, कोड, वेबसाइट, सगळ्याचे हक्क संस्थेकडे जाणार होते, कायमचे. तोंडी समजावताना सरांनी नेमकं हेच गाळलं होतं. मी ते कलम मोठ्याने वाचलं.

सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "अरे प्रमोद, वकील असलं नेहमीच लिहितात. माझ्यावर विश्वास नाही का तुझा?"

प्रमोदने पेन टेबलावर ठेवलं. "आहे ना सर. पण मला वाचता येईल असं पाठवा. मग करतो सही."

ते अजून आलेलं नाही. परतताना रिक्षात मी सरांबद्दल वाट्टेल ते बोलले. प्रमोद म्हणाला, "दुसऱ्याच्या भरवशावर सही करायची नाही, हे त्यांनीच शिकवलं गं मला."

घाटकोपरच्या संस्थेने करार टाइप करून पाठवला. प्रमोदने तो हेडफोन लावून दोनदा ऐकला, एक कलम बदलून घेतलं आणि सही केली. फी कापली जाते, दर वेळी टोचते. पण होस्ट निवडताना फी नंतर विचारावी. आधी करार मागवावा, आणि ज्याची सही आहे त्याला तो स्वतः वाचता येतो का, ते बघावं.