भाऊसरांचे बत्तीस आणि चौसष्ट

भाऊसरांना दिसत नव्हतं, आणि त्यांचा सगळ्यात आवडता शब्द होता ‘दाखवा’. स्टाफरूममध्ये कोणी नवी छत्री आणली, प्रयोगशाळेत नवं यंत्र आलं, की त्यांचा हात पुढे यायचा. बोटं वस्तूवरून फिरायची, मान किंचित कलायची, आणि फारच नवल वाटलं तर त्यांच्या गावची, दोंडाईच्याची अहिराणी बोली तोंडात यायची, “हाई काय शे?” म्हणजे, हे काय आहे?

धुळ्याच्या आमच्या कॉलेजात ते इतिहास शिकवत आणि मी संगणक. डोळ्यांच्या आजाराने त्यांची दृष्टी चाळिशीत गेली. त्यानंतर ते ब्रेल शिकले, पण त्यांना हवी ती पुस्तकं ब्रेलमध्ये कुठली मिळायला? घरची माणसं वाचून दाखवत. मग पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारा प्रोग्रॅम आला, आणि त्याच्यासोबत एक जुना, हिंदी वळणाचा आवाज. सर तो इतक्या वेगाने लावत, की आम्हाला डाळमिलमध्ये हरभरा ओततायत असं वाटे. याच आवाजाचं एवढं काय, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, “माणूस वाचताना दमतो, ताई. दमला की आपणच ‘राहू द्या’ म्हणतो. याला मला कधी ‘राहू द्या’ म्हणावं लागलं नाही.”

निवृत्तीला थोडी वर्षं उरली असताना कॉलेजात नवे संगणक आले. सरांच्या टेबलावरही एक बसला. वाचणारा प्रोग्रॅम नव्याने टाकला, पण तो आवाज काही केल्या येईना. दुसरा एक आवाज होता, तो ‘शिवकालीन’ शब्दाचे तुकडे करून बोले. प्राचार्यांनी मायेनेच सुचवलं, की आता जुन्या टिपणांवर तास घ्या. सर त्या दिवशी डबा न उघडता बसून राहिले. जुन्या टिपणांवर त्यांनी कधीच तास घेतला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मात्र ते माझ्या विभागात आले. मी सांगितलं, तुमचा आवाज बत्तीस बिटचा, नवा प्रोग्रॅम चौसष्टचा. ते म्हणाले, “म्हणजे काय? दाखवा.”

आता बिट कशी दाखवणार? संगणकाच्या मेमरीत प्रत्येक जागेला क्रमांक असतो, तो शून्य आणि एक एवढ्याच अंकांत लिहितात, असा एकेक अंक म्हणजे एक बिट, बत्तीस अंकांत मावतील तेवढ्याच जागा जुन्या पद्धतीला गाठता येतात, असं मी सांगत गेले. सरांनी खिशातून ब्रेलचा एक कागद काढला आणि बोटाखाली धरला. एका अक्षराचे सहा ठिपके, प्रत्येक उठलेला किंवा न उठलेला. सातवा ठिपका दिला तर किती तऱ्हा वाढतील, याचा त्यांचा हिशोब चालला होता. थोड्या वेळाने त्यांचा चेहरा उजळला.

“म्हणजे चौसष्ट ही बत्तिसाची दुप्पट नाहीच. दुप्पट तर तेहतिसाव्यालाच झाली. पुढे प्रत्येक वेळी पुन्हा दुप्पट.”

मी वर्षानुवर्षं हे शिकवत होते. इतकं खूश होऊन ते कोणी ऐकलेलं मला आठवत नाही.

लगेच पुढचा प्रश्न आला. एवढ्या मोठ्या घरात माझ्या जुन्या पाहुण्याला जागा का नाही? मी म्हटलं, जागा आहे. बत्तीसचे प्रोग्रॅम चौसष्टच्या विंडोजवर चालतात, फक्त चौसष्टच्या प्रोग्रॅमच्या पोटात बत्तीसचा तुकडा बसत नाही. सर म्हणाले, मग वाचणाराही बत्तीसचाच आणला तर? हे मला सुचलंच नव्हतं. मग प्रोग्रॅमची जुनी, बत्तीसची आवृत्ती शोधून संगणकावर टाकली. हेडफोन लावताच सरांना तोच जुना आवाज ऐकू आला, आणि ते त्याचा वेग वाढवत गेले. नंतर तासाची घंटा झाली तशी काठी उघडून वर्गावर गेले.

निवृत्त होऊन ते जळगावला मुलीकडे राहायला गेले. एकदा फोनवर म्हणाले, की आता मी घरच्या लॅपटॉपवर नवा, चौसष्टचाच वाचणारा टाकून घेतलाय. मला कळेना, म्हणजे तो जुना आवाजही सोडला. जुना तर उत्तम चालत होता.

“चालतोच आहे. पण त्याची दुरुस्ती आता कोणी करत नाही. आणि पलीकडे काय आहे, ते बघायला नको?”

तो आमचा शेवटचा फोन. थंडीत सर गेले.

मी जळगावला भेटायला गेले, तेव्हा लॅपटॉप टेबलावर होता. त्यांची मुलगी सरांना नाना म्हणे; ती म्हणाली, नानांनी ठेवला तसाच आहे, बंद करायला हात होत नाही. मी विचारलं, वाचायला लावू का? ती हो म्हणाली. मी कळा दाबल्या. खानदेशातल्या जुन्या व्यापारी वाटांवरचा एक लेख उघडा होता. सर जिथे थांबले होते, त्या वाक्याच्या मधूनच नवा आवाज पुढे वाचू लागला. तापी ओलांडायच्या उतारापर्यंत बैलगाड्या कशा येत, ते सांगत होता. मुलगी खुर्ची ओढून माझ्याजवळ बसली. लेख संपेपर्यंत आम्ही दोघी तिथेच होतो.