गांडुळांची येळवस

लातूरच्या घराच्या गच्चीवर ह्यांनी गांडूळ खताची टाकी बांधली, ती ड्रममध्ये लावलेल्या बेलासाठी. ते गेल्यावर दोन्ही माझ्याकडे आली. मी झाकणावर सूचना चिकटवल्या: देठं, सालं, वाळका पाला, शेण टाकावं, मीठ, तिखट, आंबट, शिजवलेलं टाकू नये. रोज सकाळी पाणी शिंपडायचं, शनिवारी तयार खत काढायचं. कधी चुकले नाही.

यंदा येळवस आली. आमच्याकडे या अमावस्येला सगळे शेतात जेवतात, वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारून बसवतात. निलंग्याजवळ दिरांचं शेत आहे. त्यांचा फोन आला, तेव्हा मी ‘ऑफिसात काम आहे’ म्हणाले. तरी पहाटे हात सवयीनं चालले. नेहमीच्याच मोठ्या पातेल्यात भाज्या-दाण्यांची आंबट-तिखट भज्जी केली, माठात आंबील केली. दुसऱ्या दिवशी ते भरलेलं पातेलं बघवेना. उकिरड्यावर फेकायलाही मन होईना. शेवटी टाकीचं झाकण उघडलं आणि सगळं आत ओतलं.

पुढच्या सकाळी गांडुळं टाकीच्या कडांवर चढली होती. काही फरशीवर वाळून पडली होती. ह्यांच्या हातचं जिवंत असं घरात एवढंच होतं, ती आणि बेल.

शेजारच्या काकू मूळच्या उदगीरच्या. कठड्यावरून वाकल्या. “कसला वास सुटलाय गं? काय टाकलीस?”

“भज्जी.”

“येळवशीची?”

“हो.”

“आमी हितं भिंतीला भिंत लावून बसलाव, आन् तू किड्यांला जेवू घातलीस व्हय? आमाला काय तोंडं न्हाईत?”

मला हसू आलं, पण टिकलं नाही. वरचा थर खरवडून काढला. खालची गांडुळं वेचून शेण-पाल्याच्या घमेल्यात ठेवली, टाकी धुऊन पुन्हा भरली. एकट्या माणसाची सालं त्यांना पुरेनात, म्हणून काकू त्यांची सालांची बादली कठड्यावर ठेवू लागल्या.

गांडुळं जगली. चहापत्तीसारखं काळं, दाणेदार खत पुन्हा निघतंय. बेलाला पालवी फुटली आहे. रिकामी बादली परत देताना मी तिच्यात काकूंच्या पूजेसाठी बेलाची पानं घालते.

“बस की जरा. कुठं पळतीस?”

“कामं पडलीत, काकू.”

खाली येते. भांडी घासलेली असतात, कपड्यांच्या घड्या झालेल्या असतात. पुढच्या येळवशीला पातेलं काकूंकडे न्यायचं, असं ठरवलंय. त्यांना अजून सांगितलेलं नाही.