पाखराचे पाय

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. सांगण्यासारखं त्यात फार आहे असंही नाही — एक पाखरू होतं, चिमणीहून जरा मोठं, आणि ते मेलं. पण आता मी थकलोय. एवढीशी गोष्ट इतकी वर्षं सांभाळायची म्हणजे माणूस दमतो.

प्राणिशास्त्र शिकवायला मी चंडीगडला आलो आणि सेक्टर बावीसमध्ये वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. मूळचा वेंगुर्ल्याचा. एवढं कळल्यावर खाली राहणारे घरमालक सरदारजी मला समंदरवाले प्रोफेसर म्हणू लागले आणि मग सगळी गल्लीच म्हणू लागली. मला ते आवडायचं — कशाला खोटं बोलू? खरं तर मी समुद्र पाहिला तो वाळूवर उभं राहून. होडीत पाय ठेवला की मला मळमळायचं. पण इथे ते कोण विचारणार होतं? मासा ताजा की शिळा, गुजरातकडे वादळ उठलं तर इथे पाऊस पडेल का, सगळं लोक मला विचारत. मी सांगत असे. ठासून सांगत असे.

एका वर्षी पावसाळा सरता सरता असंच एक वादळ आलं. रात्रभर आमच्याकडेही वारा घोंघावत होता. सकाळी माझी मुलगी मंजू — तेव्हा आठ वर्षांची — मागच्या गल्लीतून फ्रॉकच्या घोळात काहीतरी घेऊन आली. काळपट पाखरू, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा, चोचीवर बारीकशी नळी. त्याने तिच्या फ्रॉकवर काहीतरी तेलकट ओकलं होतं आणि त्याचा उग्र वास जिनाभर पसरला होता. ती नळी पाहिली आणि माझ्या अंगावर काटा आला. स्टॉर्म पेट्रेल. सगळं आयुष्य खोल समुद्रावर काढणारं, लाटांवर पाय टेकवत चालल्यासारखं उडणारं; जमिनीवर येतं ते फक्त बिळात अंडं घालायला. मी ते चित्रात पाहिलं होतं, बस.

जिन्यात माणसं जमली. मंजूने पाखरू फरशीवर ठेवलं. ते उभं राहीना. ढोपरं टेकल्यासारखं सरकायचं, पंख पसरायचं, पुन्हा तोंडावर पडायचं. सरदारजी म्हणाले, "प्रोफेसर साब, तुसीं तां समंदर वाले हो. तुसीं दस्सो, की होया एहनूं?"

त्याला काय झालंय, ते मला माहीत नव्हतं. तसं म्हणायला काय झालं असतं? पण सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "टाँगें टूट गई हैं जी. नहीं बचेगा."

आणि — हे मी स्वतःपाशीही फार उशिरा कबूल केलं — त्याच वेळी माझ्या डोळ्यांपुढे कॉलेजातलं पेंढा भरलेल्या पक्ष्यांचं काचेचं कपाट होतं. त्यातला समुद्रपक्ष्यांचा खण रिकामा होता. मरणारच असलेल्या पाखराने हाल होऊन का मरावं? किती सोयीचा विचार. बुटांच्या खोक्यात घालून मी ते कॉलेजात नेलं, क्लोरोफॉर्मचा बोळा ठेवला आणि दुपारी कातडं सोलायला बसलो.

सोलताना पायांची हाडं साफ करावी लागतात. दोन्ही अखंड होती. कुठे चीर नाही, रक्त साकळलेलं नाही. मग मी लायब्ररीत जाऊन जाड पुस्तक काढलं. या पाखरांना जमिनीवर धड उभं राहताच येत नाही. पायच तसे असतात. अगदी धडधाकट पाखरूही बिळापर्यंत असंच खुरडत जातं. ते दमलं असेल, उपाशी असेल. दिवसभर अंधाऱ्या खोक्यात विसावू देऊन संध्याकाळी गच्चीवरून वाऱ्यावर सोडलं असतं, तर कदाचित उडालं असतं. जगलं असतं का? समुद्र केवढा लांब. मला माहीत नाही, आणि आता कळणारही नाही.

इथवर ती चूक आहे. चुका होतात. एवढ्यासाठी मी तुम्हाला बसवून ठेवलं नसतं.

घरी आलो तर मंजू जेवली नव्हती. सकाळपासून कोपऱ्यात बसून आहे, असं बायको म्हणाली. आम्ही मराठीत बोलायचो आणि ती उत्तर हिंदीत द्यायची, तशीच तिची सवय. मला बघून तिने विचारलं, "बाबा, मैंने ज़ोर से पकड़ा था. मुझसे टूटी क्या?"

'नाही' — एवढा एक शब्द पुरला असता. पण मग पुढचं सगळंच सांगावं लागलं असतं. पाय मोडले नव्हते तर पाखरू मारलं का? ती खाली जाऊन सरदारजींना सांगणार, ते गल्लीला सांगणार. समंदरवाल्या प्रोफेसरला समुद्रावरचं पाखरू कळत नाही. मी तिच्या केसांवरून हात फिरवला. म्हणालो, "असू दे बाळा. तू मुद्दाम नाही केलंस."

मी तिला माफ केलं. कळतंय का तुम्हाला? जे तिने केलंच नव्हतं, त्याबद्दल मी तिला माफ केलं. ती माझ्या कुशीत रडली आणि त्या वेळी मला आपण चांगला बाप आहोत असं वाटलं.

त्यानंतर तिने कधी कुत्र्याचं पिल्लू उचललं नाही. शेजारचं बाळ कुणी मांडीवर द्यायला लागलं की ती हात मागे घ्यायची. लोक म्हणायचे, लाजाळू आहे. बायको म्हणायची, मोठी झाली की बदलेल. मी वर्तमानपत्र वाचत असे. पाखरू कपाटातच होतं. दार उघडलं की आजही तोच तेलकट वास येतो. त्या जातीचा वास वर्षानुवर्षं जात नाही, असं मी दर वर्षी विद्यार्थ्यांना सांगतो.

गेल्या हिवाळ्यात मंजू बाळंतपणाला आली. मुलगा झाला. दवाखान्यात नर्स बाळाला तिच्या कुशीत आणून ठेवायची, त्यामुळे तिने उचलायची वेळ आली नव्हती. घरी आणल्यावर बायको बाळ तिच्या हातात द्यायला गेली, तर मंजूने दोन्ही हात शालीत ओढून घेतले. बायको रागावली. मंजू माझ्याकडे वळली आणि हसल्यासारखं करून म्हणाली, "बाबा, आप पकड़ो. मेरे हाथों का भरोसा नहीं."

खोलीत आम्ही तिघंच होतो. सरदारजी कधीच वारले होते. गल्लीत मला त्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. मग मला भीती कुणाची होती?

मी हात पुढे केले आणि बाळ घेतलं. मान कशी धरायची, ते तिला नीट दाखवलं. ती लक्ष देऊन बघत होती, हात तसेच शालीत.

मी म्हणालो, "असू दे बाळा. जमेल हळूहळू."