कणकेचा आबा

माझ्यावर आयुष्यात एकदाच करणी केल्याचा आळ आला, आणि त्या करणीचं सगळं साहित्य मीच पालकांकडून मागवून घेतलं होतं. बालवाडीच्या दारावर खडूने यादी लिहिली होती. मूठभर गव्हाचं पीठ, चिमूटभर हळद, चिमूटभर कुंकू, अर्धं लिंबू. खाली मोठ्या अक्षरांत 'न विसरता' असंही लिहिलं होतं.

नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. बारामती आणि इंदापूरच्या मधल्या एका गावात मी बालवाडी चालवत होते. समाजमंदिराची एक खोली, बावीस पोरं, दोन सतरंज्या, एक फळा आणि एक चेंडू. चेंडूतली हवा गेलेली असल्यामुळे पोरं त्यावर बसायची. खेळणी मागितली की वरून उत्तर यायचं, स्वतः बनवा. ते कसं करायचं याचं एक दिवसाचं शिबिर बारामतीत झालं. पुण्याहून आलेल्या एका ताईंनी पीठ, मीठ, तेल आणि कसलीशी पावडर मळून रंगीत गोळे कसे करायचे ते दाखवलं. त्या पावडरीचं नाव आम्ही चाळीस जणींनी चाळीस तऱ्हांनी लिहून घेतलं. ती मिळाली नाही तर काय घालायचं असं कुणी विचारलं, तर ताई म्हणाल्या, लिंबू पिळा. रंगाला हळद-कुंकू चालेल. कुणाला काही खटकलं नाही, कारण सगळ्या वहीत उतरवून घेण्यात गुंतल्या होत्या.

मला तरी खटकायला हवं होतं असं पुढे बरेच जण म्हणाले. आमचं घर बौद्ध. आजोबांनी छप्पन सालानंतर देव्हाऱ्याबरोबर अंगारे, गंडेदोरे, उतारे असलं सगळं इतकं कसोशीनं घराबाहेर काढलं होतं की आमच्या घरात लिंबू फक्त पोह्यांवर पिळायला यायचं. करणी म्हणजे काय ते मला ऐकून माहीत होतं. पण पिवळ्या कणकेचा गोळा हातात आल्यावर ते डोक्यात आलंच नाही. याचा अभिमान धरावा की लाज, हे माझं अजून ठरलेलं नाही.

पोरं मात्र बेहद्द खूश झाली. ट्रॅक्टर झाले, गायी झाल्या, एकाने विहीर केली आणि ती दुसऱ्याला देईना. एकाने स्वतःचा ट्रॅक्टर खाल्ला आणि मिठामुळे दिवसभर पाणी पीत बसला. मग मी म्हटलं, आता आपल्या घरातलं एक माणूस करा. बावीस माणसं झाली. ती आम्ही बाहेरच्या कट्ट्यावर ओळीने वाळत घातली.

त्यांतला सगळ्यांत देखणा आबा होता. गावात आबा म्हणजे एकच. जुने पैलवान, दार भरून टाकणारा देह, कानापर्यंत मिशा. आता कालव्याच्या पाण्यावर टोमॅटो आणि दोडका करायचे. त्यांची साडेचार वर्षांची नात माझ्या बालवाडीत होती, तिनं तो केला. हळदीचं मोठं थोरलं पोट, कुंकवाचा फेटा आणि काळ्या दोऱ्याच्या मिशा. मला तो इतका आवडला की तिला म्हटलं, हा घरी ने. बाकीचे एकवीस कट्ट्यावरच राहिले.

आबांना त्याच सुमारास टोमॅटोच्या वाफ्यात कुत्रं चावलं होतं. पोटरीला. तिसऱ्या दिवशी ते कुत्रं ओढ्यात मरून पडलेलं सापडलं आणि सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. तेव्हा कुत्रं चावलं की चौदा इंजेक्शनं घ्यावी लागायची, रोज एक, तीही बेंबीच्या आजूबाजूला. ती पुरी झाली नाहीत तर आबा हाताला लागणार नाहीत, असं इंदापूरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बजावलं होतं. आबा रोज सकाळच्या पहिल्या एसटीने इंदापूरला जायचे. नात धोतराचा सोगा सोडायची नाही म्हणून तीही बरोबर. परत आले की तिला थेट माझ्या दारात सोडायचे. वाटेत लोक विचारायचे, "आबा, आज कितवं?"

"सातवं," आबा सांगायचे. मग आठवं. पैलवानगडी आहे, हूं की चूं करत नाही, असं गावात सगळे कौतुकाने बोलायचे. पोरीच्या ओठांना रोज काहीतरी चिकट लागलेलं असायचं. ते मी रोज पुसायचे आणि त्यावर कधी विचार करायचे नाही.

नवव्या दिवशी आबांच्या सुनेने त्यांच्या खाटेखाली केर काढला आणि केरसुणीबरोबर एक पिवळा बाहुला बाहेर आला. लाल डोकं, काळा दोरा आणि पोटात पाच बाभळीचे काटे. ती ओरडली ते मला बालवाडीत ऐकू आलं.

तासाभरात अर्धं गाव माझ्या दारात होतं. बाहुला सुपात होता, आणि हात लागू नये म्हणून ते सूप एकाने दोन काठ्यांवर तोलून आणलं होतं. पलीकडच्या गावचा देवरुषी मोपेडवर मागे बसवून आणला होता. त्याने सुपाभोवती एक फेरी मारली, काटे मोजले आणि डोळे मिटले.

"पाच काटं. पोटात. पाच दिसाची मुदत हाय," तो म्हणाला.

आबा गर्दीच्या मागे उभे होते. पाच म्हटल्याबरोबर त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, करणीला भ्यायले.

तेवढ्यात कुणाचं तरी कट्ट्याकडे लक्ष गेलं. तिथे आणखी एकवीस जण ऊन खात पडले होते. एक बाई किंचाळली, "हे तर आमचं मालक! टोपी बगा की!" मग ओळखपरेड सुरू झाली. कुणाला सासू सापडली, कुणाला दीर. एकीला तिच्या घरचं कुणीच सापडेना, आणि आपलं घर वगळलं म्हणून ती जास्तच चिडली. पीठ कुणाकुणाचं, यावर जुंपली. बावीस घरचं पीठ एकत्र मळलेलं, त्यामुळे प्रत्येक घर करणी करणारंही होतं आणि करणी झालेलंही. "आमच्या पोरानं बाजरीचं पीठ आनलं हुतं, आमचा काय बी संबंध न्हाय," असं एक गृहस्थ पुन्हा पुन्हा सांगत होते. देवरुषी दोन पावलं मागे सरकला. बावीस एकदम म्हणजे एकट्या माणसाचं काम नाही, असं तो मोपेडवाल्याला हळूच म्हणाला.

मी समजावून सांगायचा प्रयत्न केला. शिबिराची वही आणून दाखवली. वहीत पीठ, हळद, कुंकू, लिंबू असं क्रमाने लिहिलेलं होतं, त्यामुळे प्रकरण आणखी बिघडलं. बालवाडीला कुलूप लावा, असं कुणीतरी म्हणालं. रडायला लागले तर खरंच गुन्हेगार ठरेन, म्हणून मी रडण्याऐवजी चिडले.

"काटे कुणी टोचले?" मी ओरडले.

"म्या," आबांची नात म्हणाली. ती चेंडूवर बसली होती.

"का गं?"

"आबाला सुई दिली की म्या बी देती. बरं वाटाय."

गर्दी थोडी सैल झाली. कुणीतरी हसलंसुद्धा. मी तिथेच थांबायला हवं होतं, पण मी मास्तरीण, मला मोजल्याशिवाय राहवत नाही.

"आज आबांचं नववं ना? मग काटे पाचच कसे? बाकीचे चार कुठं गेले?"

"पाचच झाल्यात," ती म्हणाली. "मग आमी न्हाय जात तितं. आमी जिलबी खातो."

"रोज?"

"काल भजी खाल्ली."

देवरुषी तेवढा सावरला आणि म्हणाला, "म्या म्हनलं हुतं, पाच." पण त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही. सगळे आबांकडे पाहत होते, आणि तो एवढा मोठा माणूस कट्ट्यावर एकवीस बाहुल्यांच्या शेजारी मटकन बसला.

"बाई," ते मला म्हणाले, स्वतःच्या मुलाला म्हणाले नाहीत, सुनेलाही नाहीत. "लई दुकतं हो."

मला त्यांचा भयंकर राग आला आणि त्याहून जास्त भीती वाटली. "आबा, ते कुत्रं मेलंय," एवढंच मला म्हणता आलं.

पाच मिनिटांत त्यांच्या मुलाने ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली. आबा चढले, सून चढली, नात बाहुल्याशिवाय चढेना म्हणून सूप चढलं, आणि मग सुपाला हात लावायला कुणी तयार नव्हतं म्हणून मी चढले. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पुन्हा पहिल्यापासून. चौदा."

आबा भिंतीला टेकले. टेबलावर झोपायला तयार होईनात. शेवटी नात म्हणाली, आधी ह्याला द्या. नर्सबाई कडक होत्या. त्यांनी बाहुल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मुकाट्याने कणकेच्या आबाला सहावा काटा टोचला. मग खरे आबा झोपले. त्यांनी डोळे मिटून माझा हात इतका आवळला की माझी एक बांगडी फुटली.

बालवाडीला कुलूप लागलं नाही, पण शिक्षा झाली. "कनीक तुमी आनली, आता चौदा पुरी हुईस्तोर तुमीच संगं जायाचं," असं आबांच्या सुनेने फर्मावलं. बालवाडी दुपारी भरू लागली. रोज सकाळी आम्ही तिघं आणि बाहुला इंदापूरला. मीठ घातलेली कणीक वाळून दगड झालेली, काटा घातला की तडा जायचा, आणि पोट तर केव्हाच भरलं होतं. म्हणून मी डब्यात ओला गोळा न्यायचे आणि एसटीत बसून आबाचं पोट वाढवायचे. माझ्या मांडीवरचा तो काटेरी पिवळा माणूस पाहून शेजारचे प्रवासी उठून जायचे. त्या दिवसांत मला एसटीत बसायला जागा मिळाली नाही असं एकदाही झालं नाही.

गावाने वेगळीच काळजी घेतली. कुत्र्याचं विष चढलं की माणूस पाण्याला भितो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे आबा रस्त्याने निघाले की प्रत्येक दारातून तांब्या पुढे यायचा. "घ्या आबा, घोटभर." ते पीत असताना सगळं घर त्यांच्या गळ्याकडे टक लावून बघायचं. घरापासून बालवाडीपर्यंत यायला आबांना आठ-नऊ तांबे लागायचे, आणि आल्या आल्या ते समाजमंदिराच्या मागे पळायचे.

चौदावं इंजेक्शन झालं त्या दिवशी परत आल्यावर आबा घरी गेले नाहीत. माझ्या कट्ट्यावर बसले. बाहुला मांडीवर घेतला. आधीचे पाच आणि हे चौदा, एकोणीस काटे. त्याचं पोट आता बाकी सगळ्या अंगापेक्षा मोठं झालं होतं.

"बाई, काडू का आता हे?"

मी मान हलवली. त्यांच्या जाड बोटांत काटा नीट धरता येत नव्हता, तरी ते एकेक करून काढत गेले. नात प्रत्येक भोकावर फुंकर घालत होती. एकोणिसावा निघाला तेव्हा पोटाचा एक तुकडा गळून पडला. त्याने तिचं समाधान झालं नसावं. ती उठली, आबांची बंडी वर केली, आणि बेंबीच्या भोवती, जिथे अजून काळं-निळं होतं तिथे, गाल फुगवून फुंकर घालू लागली. एक, दोन, तीन. तिला पाचाच्या पुढे नीट मोजता येत नव्हतं. म्हणून मी मोजत होते, आणि मधेच माझे आकडे चुकले, कारण मला रडू आलं.

आबांनी खाली वाकून तिच्या डोक्यावर हनुवटी टेकली.

"न्हाय दुकत आता," ते म्हणाले.