नानांच्या खुंट्यांवरच्या टोप्या

नाना पुस्तक कुणालाही देत, पण टोपी ठेवून घेत.

नाना म्हणजे आईचे लांबचे मामा. पिंपळनेरच्या शाळेत हेडमास्तरकी करून जळगावात येऊन राहिलेले. आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे त्यांचं घर होतं आणि त्या घरातल्या दोन खोल्या पुस्तकांनी घेतल्या होत्या. नानी म्हणत, "उरलेल्या एका खोलीत आम्ही भाडेकरू." कादंबऱ्या, प्रवासवर्णनं, घरगुती औषधं, ग्रहणांचे तक्ते, मासिकांचे बांधलेले गठ्ठे असं सगळं नाना वाचत आणि हातात पेन्सिल घेऊन वाचत. एखाद्या राजपुत्राने शपथ घेतली की समासात लिहीत, 'बघू.' औषधाच्या पुस्तकात एका काढ्यापुढे लिहिलं होतं, 'घेतला. काही झालं नाही.' कसर लागू नये म्हणून प्रत्येक पुस्तकात दर वीस-पंचवीस पानांवर कडुनिंबाची दोन-दोन पानं असत.

पुस्तकं परत येत नाहीत, हा नानांचा आयुष्यभराचा अनुभव. मग त्यांनी युक्ती काढली. पुस्तक न्यायचं तर डोक्यावरची टोपी काढून ओसरीच्या खुंटीवर ठेवायची. एका टोपीला एक पुस्तक. तेव्हा बोडक्या डोक्याने रस्त्यातून जाणं म्हणजे स्मशानातून येण्यासारखंच दिसे. त्यामुळे माणसं घरी दुसरी टोपी असल्याची खात्री करूनच पुस्तक मागायला येत. खुंट्यांवर काळ्या टोप्या होत्या, खादीच्या पांढऱ्या होत्या, पुस्तकबांधणी करणाऱ्या एका म्हाताऱ्या मुसलमान गृहस्थांची गोंड्याची लाल टोपीही होती. एक टोपी आठ वर्षं लटकत होती. तिचे मालक जामनेरला राहायला गेले होते. नाना ती दर रविवारी झटकत. म्हणत, "येईल. टोपीसाठी नाही येणार, पुस्तकाचा पुढचा भाग माझ्याकडे आहे."

मी तेव्हा नाशिकला इंग्रजी शाळेत, तिथल्याच बोर्डिंगात राहून शिकत होते आणि मे महिन्याच्या सुट्टीत घरी आले होते. शाळेत आम्हाला जी पुस्तकं मिळत त्यांत चांगल्या वळणाच्या मुलींचे कुत्रे हरवत आणि शेवटच्या प्रकरणात सापडत. मराठी मी बोलायची घरात आणि वाचायची दुकानांच्या पाट्यांवर. माझे वडील, त्यांना आम्ही भाऊ म्हणत असू, जळगावच्या कोर्टात वकील होते. त्यांचा नियम असा की मॅट्रिक होईपर्यंत मराठी कादंबरी हातात धरायची नाही, त्याने इंग्रजी बिघडतं. ते स्वतः माझ्याशी इंग्रजीतच बोलत आणि मला पत्रंही इंग्रजीतच लिहीत. मी 'येस, भाऊ' म्हणे. आमचं संभाषण साधारण तेवढ्यातच आटपे.

सुट्टीच्या पहिल्याच आठवड्यात आईने मला नवे बिबडे, म्हणजे ज्वारीचे वाळवणाचे पापड, घेऊन नानांकडे पाठवलं. नानी ते ताटात काढून घेत होत्या तोवर मी कपाटापुढे उभी राहिले. दोन भागांची एक जाडजूड कादंबरी होती. का कोण जाणे, पहिल्या भागाला मी बोट लावलं.

"काय पाहिजे वं माय?" नानांनी मागून विचारलं.

मी बोट तसंच ठेवलं.

"टोपी?"

मी मान हलवली. मुलीजवळ टोपी कुठून असणार?

"शाळेत काय घालतात डोक्यावर? मडमेसारखं काहीतरी घालून स्टेशनवर उतरलीस ना, मला कळलंय."

दुसऱ्या दिवशी मी माझी शाळेची गवती हॅट, निळ्या फितीची, बिबड्यांच्या रिकाम्या डब्यात दडवून नेली. नानांनी ती दोन्ही हातांनी खुंटीवर ठेवली, जरा मागे सरून पाहिली आणि म्हणाले, "ओसरीला शोभा आली."

त्या डब्यातूनच पुस्तक घरी आलं. दुपारी सगळी झोपली की मी वळकट्यांच्या मागे बसून वाचत असे. जोडाक्षराला बोट अडखळे. पहिल्या दिवशी चार पानं झाली, आठवड्याने रोजची तीस होऊ लागली. पहिल्या भागाच्या शेवटी नायिका नदीच्या काठी नावेची वाट पाहत उभी आहे, हातात एक पत्र, आणि ती ते फोडत नाही. भाग संपला. खाली नानांची पेन्सिल: 'अगं, फोड की!'

मी त्याच दुपारी नानांकडे गेले. दुसऱ्या भागाची जागा रिकामी होती.

"गेला," नाना म्हणाले. "तू पहिला नेलास आणि दोन दिवसांनी एक गृहस्थ तोच मागायला आले. नाही म्हटल्यावर दुसराच घेऊन गेले. म्हणाले, पहिला नेणारा आता जाईल कुठे?"

"वाचला त्यांनी?" मी विचारलं.

"छे! पहिला मिळाल्याशिवाय दुसरा उघडणार नाही म्हणतात. नुसता धरून बसलेत."

"कोण?"

नानांनी खुंटीकडे हनुवटी केली. माझ्या हॅटच्या शेजारी एक काळी टोपी होती, कडेला केळीच्या चिकाचा तपकिरी डाग पडलेली. "टोपीले इचार," ते म्हणाले. खुशीत आले की त्यांची बोली अशी वळे. कोण काय वाचतं हे ते कधी सांगत नसत. त्यामुळेच तर निम्मं जळगाव त्यांच्याकडे येई.

"मी पहिला परत केला तर?"

"तर ते दुसरी टोपी आणतील आणि दोन्ही घेऊन बसतील. तसं बजावून गेलेत."

मला राग आला. शाळेला जायला तेव्हा बावीस दिवस होते. शाळेत मराठी पुस्तक नेणं शक्य नव्हतं आणि पुढची सुट्टी दिवाळीत. ते पत्र तोवर त्या बाईच्या हातात तसंच राहणार. मी ठरवलं, आपणही पहिला भाग सोडायचा नाही. नाना माझ्याकडे बघून इतके हसले की नानी आतून बाहेर आल्या.

घरी त्या दिवसांत वेगळीच टोपी गाजत होती. भाऊ सावद्याला एका पक्षकाराच्या केळीच्या बागेत गेले होते आणि टोपी तिथे हरवली असं सांगत होते.

"बागेत टोपी हरवते?" आईने विचारलं.

"वारा होता."

"केळीच्या बागेत आणि वारा!" आई म्हणाली. "बरं, घडाला घातली असेल कुठल्या. ऊन तर आहेच." आणि तिने त्यांना नवी टोपी आणवली.

हे ऐकूनही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. जळगावात केळीच्या चिकाचा डाग नसलेली टोपी शोधावी लागे. शिवाय भाऊ संध्याकाळी दिवाणखान्यात कायद्याची पुस्तकं पुढ्यात घेऊन बसत. त्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली त्यांच्या जानव्याला असे. कोर्टाला सुट्टी असूनही ते इतके कसले दाखले काढतात, याचा मला आदरच वाटायचा.

मी पहिला भाग दुसऱ्यांदा वाचला. मग तिसऱ्यांदा. ती बाई तीनदा नदीवर येऊन उभी राहिली. अधूनमधून बिबडे, कुरडया, मसाला, काही ना काही पोचवायच्या निमित्ताने मी नानांकडे जाई आणि खुंटीकडे बघे. काळी टोपी हलली नव्हती.

निघायला दोन दिवस राहिले तेव्हा आईने ट्रंक भरायला घेतली. "हॅट कुठे गं?" तिने विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता मोजे मोजायला लागली. आता इलाज नव्हता. हॅट नसती तर शाळेच्या फाटकातूनच चौकशी सुरू झाली असती. मी पुस्तक डब्यात घातलं आणि गेले.

नानांनी पुस्तक उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "घे उतरवून."

माझी हॅट तिच्या खुंटीवर नव्हती. कुणीतरी ती काळ्या टोपीच्या वर ठेवली होती. हॅट उचलताना टोपीही खाली आली आणि उलटी पडली. आत हिरवं अस्तर होतं. आईच्या खणाच्या चोळीचं उरलेलं कापड, आणि टाके आईचेच. माझ्या पोलक्याला ती घालते तसे, तिरपे.

मी टोपी उचलून जागेवर ठेवली.

"मी नाव नाही हं सांगितलं," नाना म्हणाले. त्यांचा चेहरा शाळेत खडू लपवणाऱ्या मुलासारखा झाला होता. त्या एकाच खुंटीवर दोन्ही कुणी ठेवल्या हे मी विचारलं नाही. आपण होऊन ते सांगणारेही नव्हते.

महिनाभर दोन्ही भाग आमच्याच घरात होते. एक वळकट्यांच्या मागे आणि एक कायद्याच्या कपाटात, मध्ये एक भिंत. तरी मी घरी जाऊन काही बोलले नाही. काय बोलणार? 'भाऊ, दुसरा भाग द्या' हे इंग्रजीत कसं म्हणायचं ते मला येत होतं, पण त्यांच्यासमोर म्हणता येत नव्हतं.

त्या संध्याकाळी भाऊ नवी टोपी घालून फिरायला गेले आणि बोडक्या डोक्याने परत आले. कोटाच्या आत काहीतरी चौकोनी होतं.

आईने तांदूळ निवडता निवडता वर पाहिलं. "ही कुठल्या बागेत?"

भाऊ तडक दिवाणखान्यात गेले. आई मला म्हणाली, "दोन पुस्तकांवरची धूळ मी महिनाभर झटकतेय. एक तुझं, एक त्यांचं. मला वाटलं, केव्हातरी बोलाल."

"कपाटाला तर कुलूप असतं," मी म्हटलं.

"किल्ली जानव्याला असते. आंघोळीला जाताना काढून खुंटीवर," आई म्हणाली आणि तांदळात परत डोकं घातलं.

पुढचा अख्खा दिवस भाऊ दार लावून बसले. मी एकदा पाण्याचा तांब्या ठेवायला गेले तर कायद्याचं भलंमोठं पुस्तक उभं धरलेलं आणि पाठीमागे पहिला भाग. त्यांनी पान उलटलं. मी तांब्या ठेवला. "थँक यू," ते म्हणाले.

दोन्ही भाग आता त्यांच्याकडेच होते. म्हणजे माझी नायिका दिवाळीपर्यंत नदीवर उभी राहणार हे नक्की झालं.

दुसऱ्या दिवशी मला गाडीवर पोचवायला भाऊ आले. दोन्ही टोप्या नानांकडे, कोर्टाची पगडी नव्याने बांधायला दिलेली. आई म्हणाली, उपरणं तरी गुंडाळा. ते नको म्हणाले. जळगाव स्टेशनच्या फलाटावर, ऐन गर्दीत, माझे वडील बोडक्या डोक्याने उभे होते. मी त्यांचं डोकं उन्हात कधी पाहिलंच नव्हतं. वर बरंच विरळ होतं.

बायकांच्या डब्यात शाळेतली एक मुलगी आणि तिची मावशी होती. भाऊंनी खिडकीतून फराळाची करंडी आत दिली आणि मग कोटातून एक पुडकं काढलं, कोर्टाच्या जुन्या कागदात गुंडाळलेलं. "ग्रामर," ते इंग्रजीत म्हणाले. "गाडीत वाचू नकोस. डोळे बिघडतात."

तेवढ्यात त्यांच्या ओळखीचे एक कापसाचे दलाल लगबगीने आले. त्यांनी भाऊंच्या डोक्याकडे पाहिलं आणि एकदम आवाज खाली आणला. "भाऊसाहेब... काय झालं? कोण गेलं?"

"मुलगी," भाऊ म्हणाले. "अजून गेली नाही. गाडी सुटायची आहे."

मी खिडकीतून तोंड आत घेतलं, कारण मला हसू येत होतं आणि ते त्यांना दिसू नये असं वाटत होतं. गाडी हलली तेव्हा पाहिलं, तर तेही दुसरीकडे बघत होते.

पाचोरा यायच्या आत मी पुडकं सोडलं. दुसरा भाग. नानांची कडुनिंबाची पानं जिथल्या तिथे होती, एकही सरकली नव्हती. महिनाभर जवळ ठेवून भाऊंनी तो खरंच उघडला नव्हता, आणि न उघडताच मला दिला होता. मी गाडीत वाचलं. डोळ्यांना काही झालं नाही.

पंधरा दिवसांनी शाळेत भाऊंचं कार्ड आलं. पहिल्यांदाच मराठीत. 'पत्रात काय होते ते कळवू नये. मीही नदीपर्यंत आलो आहे. दिवाळीस येताना ग्रामर आठवणीने आणावे.' खाली आईच्या अक्षरात एक ओळ: 'पगडी आली. तरी टोपीवाचून फिरायला जात नाहीत, घरात बसून वाचतात.'

आमच्या मोठ्या बाई मुलींची सगळी पत्रं आधी स्वतः वाचत. हे त्यांना वाचता येईना. त्यांनी मला बोलावून, कार्ड माझ्यापुढे धरून विचारलं, यात काय लिहिलं आहे?

"घरची मंडळी टोपीबद्दल लिहितात," मी म्हणाले.

"आणि ग्रामर?" त्यांनी विचारलं. त्यातला तेवढा एक शब्द भाऊंनी इंग्रजी अक्षरांत लिहिला होता.

"ते मी मन लावून करतेय," मी म्हटलं.