मेमरीच्या खाचेतलं कुंकू

जळगावच्या एका रक्तपेढीत मी शिपाई होतो. शिक्षण सातवी नापास. रक्त देणाऱ्यांची यादी तिथं कॉम्प्युटरवर होती. युनिक्सवाला कॉम्प्युटर, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. त्याची धूळ पुसायची, बाकी कशाला हात लावायचा नाही, असा मला हुकूम.

दसऱ्याला सगळ्या यंत्रांची पूजा झाली. याची मी केली. कुंकू बायकोनं घरून पुडीत दिलं होतं. पंखा बदलायचा म्हणून झाकण उघडंच होतं, तर चिमूटभर आतही वाहिलं. देवाचं काम, त्यात विचारायचं काय?

दिवाळीनंतर यादी बिघडायला लागली. पारोळ्याच्या एकाचा घर नंबर चौदाचा चौपन्न झाला. पुढं एका बाळंतिणीला रक्त हवं होतं, तर दुसऱ्याच एका रक्त देणाऱ्याला आणायला गेलेली आमची गाडी चाळीसगावात भलत्याच दारात जाऊन उभी. डॉक्टरसाहेबांनी टायपिंगच्या बाईला धरलं. ती म्हणे, मी बरोबरच टाइप केलं. चौकशी होईस्तोवर तिला घरी बसवलं. तिच्या घरात कमावणारी तीच एक.

धुळ्याहून इंजिनियर आला. आधी त्यानं डिस्क बदलली. फरक नाही. मग एकच यादी दहा वेळा कॉपी करून मशीनकडूनच ताडून घेतली. चुका निघाल्या, पण दर वेळी वेगळ्या जागी. म्हणाला, बाई बरोबर होती, अक्षरं मेमरीत बिघडतात. आतल्या मेमरीच्या पट्ट्या एकेक काढून पाहिल्या. तिसरी काढली आणि दहाही प्रती जुळल्या. तिच्या खाचेत लाल भुकटी होती.

साहेबांनी विचारलं, "हे कोणी टाकलं?"

मी म्हणालो, "बाईंनीच पूजा केली असेल."

खाच साफ झाली, यादी नीट झाली. बाईला कायमचं काढलं.

घरी जेवताना बायकोला सगळं सांगितलं. घरात आम्ही अहिराणीच बोलायचो.

"तिनी काय चूक शे? जाईसन सांगा."

"नोकरी जाई मनी."

"तिनी बी गयीच ना."

त्यावर मी ताट सरकवून उठलो. नोकरी पुरी केली, निवृत्त झालो, पण सांगायला कुठं गेलो नाही.

बायको जाऊन आता वर्ष होईल. दवाखान्यात शेवटी तिला बोलवत नव्हतं, तरी तिनं विचारलं, त्या बाईकडे गेला होता का. मी हो म्हणालो. मग ती बाई काय म्हणाली, असं तिनं विचारलं.